बोटभर खालची माती बघा, मग नळ उघडा

अर्ध्या इंची पाईपमधून मिनिटाला साधारण १० ते १५ लिटर पाणी पडतं. तुमच्या नळाचा नेमका आकडा हवा असेल तर २० लिटरची बादली पाईपखाली धरा आणि ती किती वेळात भरते ते घड्याळात बघा. ९० सेकंदांत भरली, तर मिनिटाला १३ लिटर. म्हणजे संध्याकाळी पंधरा मिनिटं पाईप धरून बागेत फिरलं की २०० लिटर गेले. आता कुंड्या मोजा. बारा इंची वीस कुंड्या असतील तर ऐन मे महिन्यातही त्यांची दिवसाची गरज ३० ते ४० लिटरच्या पुढे सहसा जात नाही. बाकीचं पाणी फरशीवरून, पन्हाळीतून आणि कुंडीच्या बुडातल्या भोकातून निघून गेलेलं असतं, आणि जाताना खतही घेऊन गेलेलं असतं.

म्हणून पहिले आठ दिवस बाकी काहीच बदलू नका, फक्त मोजा. पाईप बाजूला ठेवून झारीनं किंवा बादलीनं पाणी घाला आणि रोज किती बादल्या लागल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. निम्मी बचत इथेच होते, कारण झारी उचलून न्यावी लागते आणि हात आपोआप आखडता होतो.

पुढचं सगळं मुख्यतः देशावरचा उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. पुणे, नाशिक, सोलापूर, मराठवाडा, कोरडी हवा आणि तापलेली गच्ची. कोकणात जिथे वेगळं वागायला हवं तिथे तसं सांगितलं आहे.

वाफसा ओळखा

शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला हा शब्द घरच्या बागेत मात्र फारसा ऐकू येत नाही. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, ती स्थिती म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबली की गोळा होतो, टिचकी मारली की तो फुटतो, आणि हाताला चिखल लागत नाही. मुळं याच स्थितीत नीट काम करतात. चिखलात ती गुदमरतात, धुळीत सुकतात.

कुंडीत तर्जनी दोन पेरं आत घाला. वरचा थर उन्हानं दोन तासांत वाळतो, त्याच्यावरून काहीच ठरवू नका. दोन पेरांवर गार आणि ओलसर लागलं तर आज पाणी नाही. बोट घालवत नसेल तर आईस्क्रीमची लाकडी काडी खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडी काळपट ओली असेल आणि माती चिकटली असेल तर थांबा. जमिनीतल्या झाडांसाठी खुरप्यानं सहा इंच उकरून बघावं लागतं.

दुपारी दोन वाजता भोपळा, दोडका, जास्वंद यांची पानं मान टाकतात. त्या वेळी पाणी घालायला धावू नका. पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना तेवढ्या वेळात ओढता येत नाही, एवढंच त्याचं कारण. सूर्य कलला की पानं पुन्हा उभी राहतात. सकाळी सहा वाजता पानं मलूल दिसली तर मात्र झाड खरोखर तहानलेलं आहे, किंवा मुळं कुजली आहेत. दोन्हीत दिसणं सारखंच असतं, म्हणून बोट घालून बघायचंच. माती ओली आणि पान मलूल, खालची पानं पिवळी, कुंडीभोवती बारीक काळी चिलटं घोंघावतायत, असं असेल तर पाणी जास्त झालं आहे. उन्हाळ्यात अति पाण्यानं मेलेली झाडं बहुतेक वेळा ‘उन्हानं गेलं’ या खात्यावर मांडली जातात.

आच्छादन, सगळ्यात स्वस्त उपाय

एप्रिल-मेमध्ये देशावर उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला ८-१० मिलिमीटर पाणी सहज उडतं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. नुकतीच भिजवलेली उघडी माती पहिल्या दिवशी जवळजवळ त्याच वेगानं सुकते. तिच्यावर पालापाचोळा पसरला की ऊन आणि वारा मातीला थेट भिडत नाहीत.

थर दोन ते तीन इंच हवा. एक इंच पसरून काही होत नाही, तो आठवड्यात दबून अर्धा होतो. वाळलेली पानं, उसाचं पाचट, वाळलेलं गवत, नारळाच्या सोडणांचे तुकडे, गव्हाचा भुसा, काहीही चालतं. आंबा आणि वडाची मोठी पानं तशीच टाकली तर ती ताटलीसारखी एकावर एक बसतात आणि पाणी वरच्या वर वाहून जातं. ती आधी हातानं चुरडून घ्या. हिरवं, ओलं गवत जाड थरात टाकू नका, आतून तापतं आणि कुबट होतं. लाकडाचा भुसा टाकायचा असेल तर तो मातीत मिसळू नका, वरच राहू द्या. मिसळला तर तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र वापरतात आणि झाड पिवळं पडतं.

क्रम लक्षात ठेवा: आधी माती खुरप्यानं अर्धा इंच हलवायची, मग पाणी पोटभर द्यायचं, मग आच्छादन. कोरड्या मातीवर आच्छादन घातलं तर पुढचं थोडं-थोडं पाणी पाचोळाच पिऊन टाकतो. खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड सतत ओलं राहून बुरशी धरते. वाळवी असलेल्या भागात थर दीड इंचावर ठेवा आणि मधून मधून उलटून बघा.

काळ्या मातीचं एक वेगळं दुखणं असतं. ती सुकताना भेगाळते, आणि भेगांतून ओल खोलवरून उडते. वर दिलेलं पाणीही भेगेतून थेट खाली जातं, मुळांच्या वाट्याला येतच नाही. अशा वाफ्यात हलकी खुरपणी करून भेगा बुजवल्याशिवाय पाणी सोडू नका. कोळपणी (पिकाच्या ओळींमधली माती वरवर खरवडणं) म्हणजे अर्धं पाणी, असं कोरडवाहू शेतीत म्हणतात, त्याचं कारण हेच.

कुंड्या

बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर मिश्रण मावतं. निम्मी माती, पाव कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, हे प्रमाण गच्चीसाठी बरं पडतं. कोकोपीटची पाच किलोची वीट २०-२५ लिटर पाण्यात फुगून साधारण ७० लिटर होते. स्वस्तातल्या विटांमध्ये मिठाचं प्रमाण बरंच असतं, म्हणून फुगवल्यावर दोनदा धुऊन पिळा. ते पाणी झाडांना नको, गच्ची धुवायला वापरा. कोकोपीट जास्त झालं की वरून कोरडं आणि आत चिंब अशी फसवणूक होते, तेव्हा पाव भागाच्या पुढे जायचं कारण नाही.

कुंडी काठोकाठ भरू नका. वर दीड इंच काठ मोकळा राहिला तरच पाणी थांबून मुरतं. पाणी दोन हप्त्यांत द्या: सगळ्या कुंड्यांना अर्धा-अर्धा लिटर घालत शेवटपर्यंत जा, मग पहिल्या कुंडीपासून पुन्हा सुरुवात करा. पहिल्या पाण्यानं माती ओलावते, दुसरं पाणी तिच्यात शिरतं. बुडातून थेंब दिसला की थांबा.

पाणी घालताच ते लगेच खालून भळाभळा बाहेर येत असेल, तर खूश होऊ नका. माती इतकी वाळली आहे की ती आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटली आहे आणि पाणी त्या फटीतून निसटतंय. मधला गड्डा कोरडाच आहे. ती कुंडी टबात ठेवा, टबात कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, वीस-तीस मिनिटं, राहू द्या. टबातलं उरलेलं पाणी पुढच्या कुंडीला. मग काठाजवळची फट मातीनं दाबून बुजवा.

मातीची कुंडी स्वतःच्या भिंतीतून पाणी उडवते, माठ गार राहतो त्याच कारणानं. मुळांना ते सुखाचं असलं तरी पाणी जास्त लागतं. प्लॅस्टिकची कुंडी पाणी धरते, पण काळी असेल तर पश्चिमेच्या उन्हात तिची एक बाजू इतकी तापते की त्या बाजूची मुळं भाजतात. बाहेरून पांढरा चुना किंवा ऑइलपेंट मारा. काळ्या ग्रो-बॅगभोवती गोणपाट गुंडाळलं तरी चालतं. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, मोठ्या पश्चिमेला, लहान त्यांच्या सावलीत. खाली दोन विटा द्या, म्हणजे फरशीची धग बुडाला लागणार नाही. वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट मार्च ते पावसापर्यंत पुरेशी आहे. ७५ टक्क्यांच्या नेटखाली मिरची-टोमॅटो नुसतेच उंच होतात आणि फळ धरत नाहीत.

पाण्याची वेळ पहाटे ते सकाळी आठ. संध्याकाळी द्यायचं झालं तर उन्हात पडलेल्या पाईपमधलं पहिलं पाणी बादलीत काढा, ते हात भाजेल इतकं गरम असतं.

मटका

वेलभाज्या, नवं लावलेलं कलम आणि मोठे वाफे यांना मटका सिंचन उत्तम. चार-पाच लिटरचा साधा, न रंगवलेला माठ घ्या. रंग किंवा चकाकी असलेला झिरपत नाही. घेताना परीक्षा करा: पाणी भरून सावलीत ठेवा, दोन-तीन तासांत बाहेरून ओलसर झाला तर घ्या, थेंब टपकत असतील तर तडा आहे.

माठाच्या गळ्यापर्यंत जाईल असा खड्डा घ्या, पोटाभोवती माती आणि शेणखत दाबून बसवा. पोकळी राहिली तर झिरपणं त्या जागी थांबतं. तोंड जमिनीच्या एक इंच वर ठेवा आणि झाकणी घाला, तीही घट्ट बसणारी, कारण उघडा माठ म्हणजे डासांचं माहेर. रोपं माठापासून अर्ध्या ते एक फुटात लावा, त्याच्या पलीकडे ओल पोचत नाही. माती कोरडी असेल तर पाणी वेगानं झिरपतं, ओली असेल तर हळू. यात माणसानं काही ठरवावं लागत नाही, हेच या पद्धतीचं मोठेपण. सुरुवातीला दोन दिवसांत रिकामा होईल, पुढे चार दिवस पुरेल. तळाशी पाणी शिल्लक असतानाच पुन्हा भरा. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर एक-दोन हंगामांत छिद्रं क्षारांनी बुजतात. काढून काथ्यानं घासा, तरी झिरपेना तर त्याची कुंडी करा.

गच्चीवरचं ठिबक

वीसपेक्षा जास्त कुंड्या असतील तर ठिबकचा खर्च वसूल होतो. पण गच्चीवर ते फसण्याचं एक ठरलेलं कारण आहे: दाब. ड्रिपरवर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीवर, लिहिलेले ‘ताशी ४ लिटर’ हे एक किलो दाबाला, म्हणजे दहा मीटर उंचीवरच्या पाण्याला असतात. गच्चीतली टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम एक-दोन मीटर उंच. दाब चौथा हिस्सा झाला की प्रवाह निम्मा होतो. अडीच मीटर उंचीला तोच ड्रिपर ताशी दोन लिटर देतो आणि एक मीटरला सव्वा लिटर. म्हणून गच्चीसाठी साधे ड्रिपर घ्या. दाब-नियंत्रित ड्रिपर महाग असतात आणि इतक्या कमी दाबाला नीट चालतच नाहीत. तळमजल्यावरच्या अंगणाला तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीचं पाणी असेल, तर मात्र तेच योग्य.

सामान: पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह, १२० मेशचा पाऊण इंची स्क्रीन फिल्टर, १६ मिलिमीटरची काळी लॅटरल (ओळीचा पाईप), ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब (बारीक नळी), पिन कनेक्टर, ताशी ४ आणि ८ लिटरचे ड्रिपर, खुंट्या, एंड कॅप (टोकाचं बूच) आणि पंच (पाईपला भोक पाडायचं हत्यार).

१. टाकीच्या आउटलेटला आधी व्हॉल्व्ह, मग फिल्टर. फिल्टरवरचा बाण पाण्याच्या दिशेनं. फिल्टर वाचवायचा मोह धरू नका, टाकीतल्या गाळानं महिन्याभरात निम्मे ड्रिपर बुजतील.

२. लॅटरल तासभर उन्हात पसरून ठेवा, वळ मोडतो. टोक गरम पाण्यात बुडवलं की जोडावर सहज चढतं. ती कुंड्यांच्या ओळीमागून न्या, एका ओळीत २० मीटरपेक्षा लांब नको.

३. प्रत्येक कुंडीसमोर पंच मारा, मग टोकाला एंड कॅप लावण्याआधी पाणी सोडून पाईप धुऊन काढा. पंच करताना पडलेले प्लॅस्टिकचे कण पहिल्याच दिवशी ड्रिपरमध्ये अडकतात.

४. प्रत्येक भोकात पिन कनेक्टर, त्यातून मायक्रोट्यूब, टोकाला ड्रिपर, खुंटीनं मातीवर पक्का. खोडाला चिकटून नको, खोड आणि काठ यांच्या मधोमध. चौदा इंचांपुढच्या कुंडीला दोन ड्रिपर, समोरासमोर.

५. मोजा. मापाचा कप ड्रिपरखाली सहा मिनिटं धरा. जितके मिलिलिटर जमले त्याला दहानं गुणलं की ताशी प्रवाह. ओळीतला पहिला, मधला आणि शेवटचा, तिन्ही मोजा. शेवटचा पहिल्यापेक्षा बराच कमी असेल तर ओळ दोन भागांत तोडा.

१३० मिलिलिटर भरले तर ताशी १.३ लिटर. बारा इंची कुंडीतल्या फळावर असलेल्या टोमॅटोला मे महिन्यात दिवसाला दीड ते दोन लिटर लागतात, म्हणजे सव्वा ते दीड तास. कढीपत्ता, कोरफड, अडेनियम यांना याच ओळीवर जोडू नका, त्यांना वेगळा व्हॉल्व्ह द्या. एकाच ओळीत पुदिना आणि अडेनियम असले की एक सुकतो नाहीतर दुसरा सडतो.

टायमर घेताना दुकानदाराला ‘शून्य दाबावर चालणारा, बॉल व्हॉल्व्हचा’ असं स्पष्ट सांगा. सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकानं उघडणारा) टायमर टाकीच्या कमी दाबावर बहुधा उघडत नाही किंवा नीट बंद होत नाही. पंधरवड्यातून एकदा फिल्टरची जाळी धुवा आणि एंड कॅप उघडून पाणी वाहू द्या. जड पाण्यानं बुजलेले ड्रिपर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवून फुंकून काढा. खारी आणि उंदीर मायक्रोट्यूब कुरतडतात, त्यासाठी जवळ एक भांडं पाणी भरून ठेवलं तर त्रास कमी होतो. भांड्यातलं पाणी मात्र रोज बदला.

अंगणातली झाडं आणि लॉन

मोठ्या झाडाच्या खोडापाशी पाणी ओतणं वाया जातं. पाणी शोषणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली, कडेला असतात. आळं तिथे करा. लिंबू, मोसंबी, संत्र्याला तर दुहेरी आळं हवंच: खोडाभोवती फूट-दीड फुटाचा मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर पाण्याचं वर्तुळ. खोडाला पाणी लागत राहिलं की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो आणि झाड हातचं जातं. मोठ्या झाडाला रोज बादलीभर देण्यापेक्षा दहा-बारा दिवसांनी एकदा खोल पाणी द्या. रोजच्या वरवरच्या पाण्यानं मुळंही वरवरच राहतात, आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड कोमेजतं.

कोकणात नारळाच्या आळ्यात सोडणं पुरतात ती ओल टिकवण्यासाठी. खोडापासून दीड-दोन मीटरवर चर, त्यात सोडणांचे थर, पोकळ बाजू वर, आणि वरून माती. पाणी वाटीत धरल्यासारखं राहतं.

लॉनबद्दल सरळ सांगायचं तर देशावर ते परवडत नाही. शंभर चौरस मीटरला उन्हाळ्यात दिवसाला ५०० लिटर सहज लागतात. ठेवायचंच असेल तर अडीच इंचांपेक्षा कमी कापू नका. साधी हरळी असेल तर तिला पिवळी पडू द्या, ती मेलेली नसते. जूनच्या पहिल्या सरीनंतर आठवड्यात हिरवी होते.

घरातलं पाणी कोणतं चालतं

तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी सरसकट चालतं, त्याच दिवशी वापरलं तर. दुसऱ्या दिवशी आंबतं आणि चिलटं येतात. मीठ घातलेलं पाणी कधीच नाही.

आरओचं बाहेर टाकलेलं पाणी वापरण्याआधी त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मीटरनं मोजा. नळाचा टीडीएस ३०० असेल आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर जात असेल, तर त्या पाण्याचा टीडीएस ४०० च्या घरात येतो, ते बागेला खुशाल घाला. बोअरचं पाणी १२०० असेल तर बाहेरचं दीड हजारांवर जातं. त्यानं पानांच्या कडा करपतात आणि कुंडीवर पांढरा थर चढतो. ५०० पर्यंत कुठेही, हजारापर्यंत फक्त जमिनीतल्या काटक झाडांना, पुढे लादी पुसायला.

एसीचं पाणी क्षारविरहित असतं, कुंड्यांना उत्तम. दमट मुंबई-कोकणात ते भरपूर मिळतं, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात थेंबभर. विदर्भात असतो कूलर, आणि त्याच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालण्याची चूक घरोघरी होते. कूलरमध्ये पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, म्हणून दर भरण्याला ते जास्त खारट होत जातं.

वॉशिंग मशिनचं पावडरचं पहिलं पाणी टाकूनच द्या. त्यातल्या सोडियमनं काळी माती चिकट होते आणि पाणी मुरेनासं होतं. शेवटच्या खळबळण्याचं पाणी जमिनीतल्या फुलझाडांना आळीपाळीनं चालेल. पालेभाजी, कंदभाजी आणि कुंड्यांना नको. न्हाणीघराच्या पाण्यावर मोरीमागे अळू, केळ, कर्दळ लावायची जुनी रीत अजून तितकीच कामाची आहे, फक्त पाणी साचू न देता वाहतं ठेवा. त्या अळूची मात्र वडी करू नका.

काय लावावं, गावाला जाताना काय करावं

मार्चनंतर पालक, कोथिंबीर, मुळा यांचा हट्ट सोडा. ती पाणी पिऊन लगेच फुलावर जातात. गवार, चवळी आणि भेंडी कमी पाण्यात येतात. फुलांत सदाफुली, बोगनवेल, चाफा, अडेनियम. कण्हेरही काटक आहे, पण ती विषारी. घरात लहान मूल किंवा गुरं असतील तर नको. बोगनवेलीला पाणी जास्त दिलं तर नुसती पानं येतात, थोडा ताण बसला की ती बहरते. उन्हाळ्यात युरियासारखी नत्रखतं आणि कुंडीबदल दोन्ही टाळा, नव्या कोवळ्या फुटीला पाणी जास्त लागतं.

आठ-दहा दिवस गावी जाताना कुंड्या सावलीत एकत्र आणा, फुलं आणि कच्ची फळं काढून टाका, पोटभर पाणी देऊन आच्छादन घाला. नाजूक रोपांना वात लावा: पाण्याची बादली कुंड्यांच्या काठापेक्षा उंच ठेवा, जाड नायलॉन किंवा पॉलिस्टरची दोरी आधी पूर्ण भिजवून एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत तीन इंच खोल. सुती दोरी आठवड्यात कुजते. हे सगळं जाण्याच्या चार दिवस आधी लावून बघा, म्हणजे एका वातीनं किती पाणी उतरतं ते कळेल आणि बादली किती मोठी हवी ते ठरवता येईल.

पाऊस आल्यावर

१०० चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के हाती लागला, तर ते ५६ हजार लिटर होतात. एवढं साठवायला बहुतेकांकडे जागा नसते. पण २०० लिटरचं एक पिंप पन्हाळीखाली ठेवलं तरी जुलै-ऑगस्टमधल्या उघडिपींना पुरतं. पहिल्या दोन सरींचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं, ते जाऊ द्या. पिंपाच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा.

ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करून एंड कॅप उघड्या ठेवा, पाईप रिकामे राहतील. कुंड्यांखालच्या ताटल्या काढा. उन्हाळाभर जड पाण्यानं साठलेले क्षार पहिल्या मोठ्या पावसात धुऊन निघतात, त्यासाठी शेडनेट गुंडाळून कुंड्या उघड्यावर असू द्या. आणि झाडांची आळी एका बाजूनं फोडा. मे महिन्यात पाणी धरून ठेवणारं तेच आळं जुलैत मुळं कुजवतं.